काचेतला जयप्रकाश

जयप्रकाशचा फोटो मिळत नव्हता.

"नाही म्हणजे एकही नाही?" सदानंदने विचारलं.

"एकही नाही, भाऊजी," सुचित्रा म्हणाली. कुवेतच्या अब्बासियातल्या त्या लहानशा फ्लॅटमध्ये ती अर्धवट भरलेल्या खोक्यांच्या मधोमध बसली होती. "आहे तो लग्नातला. नाशकात सासूबाईंनी तोच लावला. मुंडावळ्या, गंध, हातात नारळ. भेटायला येणारी माणसं दारातच अडखळायची. रडावं की अक्षता टाकाव्यात, कळेना कुणाला."

जयप्रकाश रिफायनरीत पंपांचा इंजिनियर होता. गेल्या महिन्यात एका सकाळी कामावर निघताना तो बूट घालायला वाकला आणि पुन्हा सरळ झालाच नाही. विमानाच्या पोटात माल ठेवतात तिथून तो नाशिकला गेला, वरच्या सीटवरून सुचित्रा आणि सलोनी गेल्या. तेरावं आटोपून मायलेकी परत आल्या त्या फक्त सामान आवरायला आणि सलोनीचा शाळेचा दाखला काढायला. त्या दोघींचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, जयप्रकाशच्या नावावर होता. माणूसच राहिला नाही तेव्हा त्याच्या आधारावरचा इकामा कुठला राहायला? महिनाअखेरीला कुवेत सोडायचं होतं. त्याआधीच्या शुक्रवारी सदानंदच्या सलव्यातल्या घरी शोकसभा आणि तुळशीदासबुवांचं कीर्तन ठरलं होतं.

"शोकसभेचं सोडा हो," सुचित्रा म्हणाली. "मला न्यायला एक फोटो हवाय. ते जसे होते तसा. भिंतीवर लावायला. एवढं कराल?"

"होऊन जाईल, वहिनी," सदानंद म्हणाला.

सदानंद बँकेत हिशेब तपासायचा आणि उरलेल्या वेळात तिथल्या मराठी मंडळाचा सेक्रेटरी होता. 'होऊन जाईल' हे तो इतक्या सहज म्हणायचा की पुष्कळदा ते खरोखर होऊन जायचं. या वेळी मात्र घरी येऊन त्याने मंडळाचे सगळे फोटो उघडले. गणपतीच्या फोटोंत सगळे होते, जयप्रकाश नव्हता. संक्रांतीच्या, सहलीच्या, बारशांच्या, निरोपसमारंभांच्या फोटोंतही नव्हता. असणार कसा? ते सगळे फोटो त्यानेच काढले होते. इतकी वर्षं सगळ्यांनी त्याच्याकडे बघून दात दाखवले होते, आणि एकालाही उठून त्याचा फोटो काढावासा वाटला नव्हता.

सलोनीच्या फोनमध्ये काही सेल्फी सापडल्या. "इन दिस वन यू कॅन सी हिज इअर," ती म्हणाली. कान खरंच होता. एरवी जयप्रकाश सेल्फी म्हटलं की नळाचं पाणी चालू राहिल्यासारखा उठून जायचा.

मग सिव्हिल आयडीवरच्या फोटोची प्रत कंपनीच्या मंदूबाकडून आणली. कागदपत्रांसाठी सरकारी कचेऱ्यांत फिरणारा तो भला माणूस फोटो देताना म्हणाला की कार्ड आता रद्द झालंय, माणसाचं काही चालायचं नाही. नखाएवढा तो फोटो मंडळातल्या नीलेशने मोठा केला. नीलेश आयटीत होता. डोळे अर्धे मिटलेले, ओठ वाकडे, पाठीमागे पांढरी भिंत.

"अहो, हे गेल्यासारखे नाही दिसत," सदानंदची बायको अर्चना म्हणाली. "काहीतरी करून पळाल्यासारखे दिसतायत."

"थांबा वहिनी, एआयला देतो," नीलेश म्हणाला.

एआयने मिनिटभरात दाट केस, रुंद जबडा आणि झगझगीत दातांचा एक माणूस दिला. सलोनीला दाखवला. ती बघून म्हणाली, "दॅट्स नॉट बाबा. दिस मॅन सेल्स इन्शुरन्स."

शेवटी राहिली ती जयप्रकाशची हार्ड डिस्क. ती उघडली, आणि सदानंदपुढे उत्तर इंग्लंड पसरलं.

हे वेड मंडळात सगळ्यांना माहीत होतं. खूप वर्षांपूर्वी कंपनीने जयप्रकाशला पंपांच्या ट्रेनिंगला यॉर्कशरला पाठवलं होतं. तिथे एका रविवारी, रिपरिप पावसात, एक म्हातारी डबलडेकर बस धापा टाकत चढ चढताना त्याने पाहिली. कीर्तनाला नुसता सोबत म्हणून गेलेला माणूस बुवांच्या पहिल्याच तानेला गळ्यात टाळ अडकवून उभा राहतो, तसं त्याचं झालं. त्यानंतर दर जुलैत सुचित्रा आणि सलोनी नाशिकला जायच्या आणि हा हॅलिफॅक्सला जायचा. रिबलहेडचा चोवीस कमानींचा रेल्वेपूल, कालव्यांची लाकडी दारं, थंड पडलेल्या गिरण्यांची धुराडी, डांबराखालून मधेच डोकं वर काढणारे ट्रामचे रूळ, बंद स्टेशनांची घड्याळं. आणि बसगाड्या. समोरून, मागून, वाकून, झोपून काढलेल्या. फोटोत माणूस मात्र नाही. कुणी मधे आलं तर हा छत्री धरून ते जाईपर्यंत थांबायचा.

सदानंद पूल बघून थकला, धुराडी बघून थकला. बसगाड्यांवर आला, आणि एका फोटोवर त्याचा हात थबकला.

लालसर जुनी डबलडेकर. खालच्या खिडकीच्या काचेत एक आकृती. डोक्यावर चपटी लोकरी टोपी, रुंद खांदे, चेहऱ्यासमोर कॅमेरा. पावसाच्या थेंबांनी सगळं धुरकट झालेलं, पण माणूस होता, फोटो काढत होता, आणि ती टोपी तर कुवेतच्या चार दिवसांच्या थंडीत सगळ्यांनी पाहिली होती.

"प्रतिबिंब!" सदानंद ओरडला. "अर्चना, काचेत तो स्वतः आलाय! त्याचं त्याला कळलंच नाही!"

दुसऱ्या दिवशी त्याने लॅपटॉप सुचित्रापुढे धरला. तिने पदराने स्क्रीन पुसली.

"तेच," ती म्हणाली. "खांदे त्यांचेच."

"बाबा वॉज थिनर," सलोनी म्हणाली.

"काचेत माणूस जाडच दिसतो गं," अर्चनाने तिला जवळ घेतलं, आणि तो विषय तिथेच मिटला.

मिरकाबात एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर फखरुन्निसा नावाच्या हैदराबादी बाईंचा फोटो स्टुडिओ आहे. सदानंदने पेन ड्राइव्ह दिला. बाईंनी चष्मा वर केला, खाली केला.

"इसमें मुँह किधर है, साब?"

"मुँह नहीं है।"

"मुँह नहीं, तो फ्रेम काय कू?"

सदानंदने सांगितलं. बाईंचा हात कीबोर्डवरच थांबला. "अल्लाह सबर दे उनकी बीवी कू," त्या हळूच म्हणाल्या, आणि मग त्यांनी असं काही मन लावून काम केलं की बघत राहावं. बस कापून टाकली, खिडकी ठेवली, थेंब पुसले, कडेला काळी पट्टी दिली. आणि सदानंदने मागितलं नसताना, स्वतःच्या भल्या मनाने, खाली सोनेरी इंग्रजी अक्षरांत छापलं: 'लेट जयप्रकाश'.

फ्रेम घरात आली त्या सकाळपासून सुचित्राने तिच्यापुढे दिवा लावला. तेवढ्यावर भागेना. जयप्रकाशला उठल्या उठल्या आलं घातलेला चहा लागायचा. तिने कप भरून फ्रेमपुढे ठेवला, आणि रोज ठेवत राहिली.

शुक्रवारी संध्याकाळी सलव्यातल्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. सोफा बाल्कनीत गेला होता, जमिनीवर सतरंज्या होत्या. समोर टीपॉयवर फ्रेम, तिला अब्बासियातून आणलेला मोगऱ्याचा भरगच्च हार, उदबत्ती, समई. माणूस आला की फ्रेमपुढे वाकायचा, फूल वाहायचा, "अगदी तोच हो!" म्हणून डोळे टिपायचा आणि जागा शोधायचा. सदानंदला त्या दुःखातही जरा बरं वाटत होतं. होऊन गेलं होतं.

भिंतीवरच्या टीव्हीत नीलेशने झूम लावलं होतं आणि कॅमेरा असा ठेवला होता की फ्रेम आणि हॉल दोन्ही दिसावेत. सलोनीने बाबांच्या बसवेड्या मित्रांच्या ग्रुपवर लिंक टाकली होती, त्यामुळे नाशिकच्या सासूबाईंच्या शेजारी यॉर्कशरमधले चारपाच म्हातारे आपापल्या चौकोनांत येऊन बसले होते. एकाकडे कुत्रं होतं. एकाचं नुसतं छत दिसत होतं. आणि एक गोरा, पांढऱ्या झुबकेदार मिशांचा, स्वयंपाकघरात चहाचा मग घेऊन बसला होता. त्याच्या चौकोनाखाली ग्रॅहम असं नाव होतं.

तुळशीदासबुवा उभे राहिले. पगडी, उपरणं, हातात झांजा. आठवडाभर हे गृहस्थ रिफायनरीत सेफ्टी ऑफिसर असतात आणि हेल्मेट न घालणाऱ्यांवर ओरडतात. पण शुक्रवारी गादीवर उभे राहिले की त्यांच्या गळ्यात कुणी दुसरंच येऊन बसतं. अर्चनाने पेटीवर सूर धरला. शेजाऱ्यापाजाऱ्यांना त्रास नको म्हणून झांजा हलक्या हाताने वाजत होत्या, आणि त्या दबलेल्या आवाजानेच जीव जास्त कासावीस होत होता.

"मंडळी," बुवा म्हणाले, "आपण सगळे इथे व्हिसावर आलोय. कुवेतचं म्हणत नाही मी. या देहाचं म्हणतोय. स्टॅम्प कुणाच्या हातात, एक्स्पायरी कधी, ठाऊक नाही. जयप्रकाशरावांना नोटीस पीरियडसुद्धा मिळाला नाही." हॉलमध्ये हुंदका फुटला. बुवांनी सावकाश सूर लावला, आणि यमाच्या दारात उपाशी बसून राहिलेल्या पोराचं आख्यान सुरू केलं.

काय रंग भरला म्हणून सांगावं! पोर यमाच्या उंबऱ्याशी बसलंय, यम घरी नाही, दाराशी पाणी विचारणारं कुणी नाही. बायका पदर तोंडाला लावून ऐकत होत्या. टीव्हीवर ग्रॅहमने झूमवरचं, बोलायचंय म्हणून सांगणारं पिवळ्या हाताचं चिन्ह वर केलं. नीलेशला वाटलं, नमस्कार करतोय. त्याने हात हलवला. चिन्ह खाली गेलं, पुन्हा वर आलं. नीलेशने पुन्हा हलवला.

"आणि यम आला!" बुवा आता पेटले होते. "काळाकुट्ट, लाल डोळ्यांचा. पोराकडे बघतो. पोर हलत नाही. आणि तो साक्षात काळ, मंडळी, तो हात जोडतो! म्हणतो, बाळा, तू चुकीच्या यादीत आलास रे! तू तर अजून..."

इथे बुवा नेहमी थांबतात. झांजेचा एकच ठोका देतात आणि शांतता होऊ देतात. तशी ती झाली. आणि त्या शांततेत टीव्ही बोलला.

"सॉरी, लव्ह. आय थिंक दॅट्स मी."

माना वळल्या. ग्रॅहमने माइक उघडला होता आणि हातातला चहाचा मग पुढे करून तो फ्रेम दाखवत होता. पुढे तो बरंच बोलला, पण त्याचं यॉर्कशरी इंग्रजी बँकेत आणि कंपनीत आयुष्य काढलेल्या मंडळींच्या डोक्यावरून गेलं. ते कळायचं फक्त सलोनीला. बाबांच्या फोनवरच्या गप्पा ऐकून कान तयार झाला होता तिचा.

"काय म्हणतोय?" सदानंदने विचारलं.

"काका, ही सेज..." सलोनी मराठीवर आली. "तो म्हणतोय, फोटोतला माणूस तो आहे. बाबा बसच्या बाहेर होते. हा आत बसला होता. ते प्रतिबिंब नाहीये. काचेतून आतला माणूस दिसतोय."

नाशिकच्या चौकोनातून सासूबाई म्हणाल्या, "अगो, मग आम्ही पाया कुणाच्या पडलो?"

"आधी का नाही बोलला हा?" नीलेश पुटपुटला.

सलोनीने विचारलं आणि उत्तर सांगितलं. "त्याला आधी वाटलं, पाहुणा म्हणून त्याचा फोटो लावलाय. हार, दिवा, लोक नमस्कार करतायत. ही वॉज व्हेरी टच्ड. मग त्याने खालचं नाव वाचलं. पण तोवर सगळे इतके रडत होते की मधे बोलणं त्याला असभ्य वाटलं. हात वर केला, तर नीलेशकाका टाटा करत होते."

सदानंदला त्या क्षणी सतरंजीची घडी होऊन आपण तिच्यात जावं असं वाटलं. त्याने सुचित्राकडे बघायचं टाळलं आणि मग बघितलंच.

"मी चहा ठेवला," ती कुणाकडेही न बघता म्हणाली. "रोज सकाळी. आलं घालून. या माणसाला."

सलोनीने हे त्याला सांगितलं नसतं तरी चाललं असतं, पण तिच्या तोंडून ते इंग्रजीत निघून गेलं. ग्रॅहमने आपल्या हातातल्या मगाकडे बघितलं, तो खाली ठेवला, आणि फार गंभीरपणे सुचित्राचे आभार मानले.

कुणीतरी मागे फिसकन हसलं आणि लगेच खोकलं. बुवांनी झांजा काखेत धरल्या.

"सदानंदराव, हार काढा आधी," ते सेफ्टी ऑफिसरच्या आवाजात म्हणाले. "जिवंत माणूस आहे तो. घाबरू नका, आयुष्य वाढलं त्याचं, एवढंच."

सदानंदने हार काढला. काढला खरा, पण ठेवायचा कुठे? खाली ठेवता येईना, परत घालता येईना. तो हार दोन्ही हातांत धरून, वरमाला घेतलेल्या नवऱ्यासारखा, हॉलच्या मधोमध उभा राहिला. "वहिनी, चुकलं माझं," तो म्हणाला. "एक फोटो मागितला होतात तुम्ही. तेवढाही..."

"ही हॅज वन!" सलोनी अचानक ओरडली.

"काय?"

"ग्रॅहमकडे आहे! ही वॉज शूटिंग टू! बाबा याचा फोटो काढत होते तेव्हा हा बाबांचा काढत होता!"

मग ग्रॅहमने स्क्रीन शेअर करायला घेतली. आधी त्याचं विजेचं बिल दिसलं. मग कुणाच्या तरी गुडघ्याचा एक्स-रे. मंडळी माना लांब करून बसली होती. सुचित्रा उठून टीव्हीच्या अगदी जवळ गेली. आणि पडदा भरून फोटो आला.

ओला रस्ता. दगडी घरं. मधोमध जयप्रकाश, तोच, काही शंका नाही, पाय फाकवून उभा. डोक्यावर चपटी टोपी. आणि चेहऱ्यासमोर, कपाळापासून हनुवटीपर्यंत, कॅमेरा.

हॉलमधून एकच "अरेरे" निघाला.

"ग्रॅहम म्हणतोय," सलोनी सांगायला लागली, "त्याने बाबांना हाताने खूण केली, कॅमेरा खाली घे. बाबांनी खूण केली, आधी तू घे. दोघंही घेईनात. मग बस सुटली."

"लग्नात अंतरपाट धरला होता," सुचित्रा हळूच म्हणाली, "तो पुरता निघालाच नाही कधी." ती फोटोकडे बघत राहिली. आणि एकाएकी तिच्या कपाळाला आठी पडली. तिने टीव्हीवर बोट ठेवलं.

"सलोनी, इकडे ये. हा स्वेटर बघ."

"यू मेड दॅट."

"मी विणलेलाच. पण गाठी बघ! सगळ्या बाहेर! अगं, उलटा घातलाय यांनी!" तिचा आवाज चढला. कितीतरी दिवसांनी चढला होता. "परदेशात! इतक्या लोकांत! विचार त्याला, दिवसभर उलटा स्वेटर घालून हिंडला हा माणूस, आणि एकालाही सांगावंसं वाटलं नाही?"

सलोनीने विचारलं. पडद्यावरच्या सगळ्या म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे बघावं तसं आपापल्या कॅमेऱ्यांकडे बघितलं. ग्रॅहम घसा साफ करून बोलायला लागला, आणि सलोनी ऐकता ऐकता ओठ दाबायला लागली.

"त्यांनी पहिल्याच दिवशी पाहिलं. पण त्यांना वाटलं, तुमच्या धर्मात तसं असेल. रिलिजस थिंग. विचारायचं कसं? म्हणून पुढच्या जुलैला त्या सगळ्यांनी उलटे घातले. बाबांना एकटं वाटू नये म्हणून. तेव्हापासून दरवर्षी, बसच्या फेरीच्या दिवशी, सगळे स्वेटर उलटे घालतात."

"आणि यांनी? यांनी विचारलं नाही हे काय म्हणून?"

"विचारलं ना. ग्रॅहम म्हणाला, रिस्पेक्ट. बाबा म्हणाले, फार छान पद्धत आहे तुमच्याकडची. आणि मग ते मुद्दाम उलटाच घालायला लागले."

आधी सुचित्रा हसली. मग ती रडली, आणि मग तिला स्वतःलाच कळेना की काय चाललंय, तशी ती भिंतीला टेकून खाली बसली. अर्चना पेटी सोडून तिच्यापाशी गेली. हॉलभर माणसं डोळे पुसत होती आणि हसत होती, आणि एकमेकांकडे बघायला लाजत होती.

"भाऊजी," जराशाने सुचित्रा म्हणाली, "हाच. हाच मोठा करून द्या."

"पण वहिनी, चेहरा..."

"चेहऱ्याचं काय घेऊन बसलात? एवढा वेंधळा माणूस दुसरा असेल का जगात? नाशकात कुणालाही दाखवा, टोपी झाकून दाखवा, ओळखतील."

सदानंद हार घेऊन टीव्हीपाशी गेला. हार टीव्हीला अडकेना, घसरायला लागला. शेवटी त्याने तो दोन्ही हातांनी पडद्याच्या वर धरला आणि तसाच उभा राहिला.

"आख्यान अर्धं राहिलंय," बुवा म्हणाले. "ते पुरं करून आरती घेऊ. पोराला यमाच्या दारात ताटकळत ठेवणं बरं नव्हे. सगळे उभे राहा."

सगळे उभे राहिले. सलोनीने टीव्हीतल्यांनाही उभं राहायला सांगितलं. कुत्र्यावाला उभा राहिला. छत दिसत होतं तिथे एक मान आली. कोपऱ्यातल्या चौकोनात ग्रॅहमही उठला. पण त्याने हात जोडले नाहीत. त्याने अंगातला राखाडी स्वेटर डोक्यावरून काढला, बाह्या ओढून आतली बाजू बाहेर केली आणि पुन्हा डोक्यात घातला. वयामुळे म्हणा, गडबडीमुळे म्हणा, डोकं गळ्यातून बाहेर येईना. चौकोनात नुसता एक लोकरीचा गोळा आणि दोन हात हलत होते.

बुवांनी झांजा वर उचलल्या होत्या. त्यांनी त्या तशाच धरल्या, आणि त्याचं डोकं बाहेर येईपर्यंत सगळा हॉल थांबून राहिला.